पेगाससचा तुटलेला पंख असा जोडला

ग्रीसमधल्या कॉरिंथला गेलो होतो तेव्हा घेतलेला सिरॅमिकचा पेगासस, तिथल्या जुन्या चांदीच्या नाण्यांवर हाच पंखवाला घोडा असतो म्हणून मुद्दाम आणलेला, झाडताना पडला आणि डावा पंख मुळापासून तुटला. फार वाईट वाटलं. आधी घाईत इन्स्टंट ग्लूने चिकटवला तर आठवड्यात परत निघाला, कारण पंख जड आणि तो ग्लू सुकला की कडक होतो, जरा धक्का बसला की सुटतो.

मग कापसाच्या बोळ्यावर अ‍ॅसिटोन घेऊन जुना ग्लू हळूहळू काढला (खिडक्या उघड्या ठेवा, आणि रंगाला लागू देऊ नका), पूर्ण वाळू दिलं, आणि दोन ट्यूबवालं इपॉक्सी (एक प्रकारचा घट्ट ग्लू) समप्रमाणात मिसळून अगदी पातळ थर लावला. जास्त लावलं की सांधा नीट बसत नाही. खरी गंमत आधार देण्यात आहे: तांदळाच्या डब्यात घोडा असा आडवा रोवला की पंख स्वतःच्या वजनानेच सांध्यावर टेकून राहिला, वरून मास्किंग टेप, आणि २४ तास हात लावला नाही. उडालेल्या कपच्यांच्या जागी इपॉक्सीत टाल्कम पावडर कालवून भरलं, बारीक पॉलिश पेपर मारला, वर अ‍ॅक्रेलिक रंग. आता फक्त कोरड्या ब्रशने पुसतो, पाणी अजिबात नाही.