ॲनिमेचे रूपांतर आणि कॉस्प्लेमधील वर्ण यांवर वाद कसा घालावा

ॲनिमेच्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, चाहत्यांमध्ये दोन वाद पुन्हा पुन्हा पेटतात. मूळ मांगाचे (जपानी चित्रकथेचे) ॲनिमेत रूपांतर कितपत चांगले झाले, हा एक. आणि एखाद्या वर्णाच्या माणसाने अमुक पात्राचा कॉस्प्ले करावा, म्हणजे त्या पात्राचा पोशाख घालून तसे सजावे, की नाही, हा दुसरा. दोन्हींकडे ‘मुळाबरहुकूम आहे का?’ हाच निकष लावला जातो आणि गफलत तिथेच होते. रूपांतर ही पैसे घेऊन दाखवलेली कलाकृती असल्यामुळे तिची मुळाशी तुलना करणे रास्त आहे; कॉस्प्ले करणारा चाहता मात्र हौसेने पोशाख तयार करतो आणि त्याची त्वचा त्या पोशाखाचा भाग नसते.

रूपांतरावर मत देण्यापूर्वी मांगा आणि मालिका यांचा काळ ताडून पाहावा. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची पहिली मालिका 2003 मध्ये सुरू झाली, तेव्हा हिरोमु अराकावा यांचा मांगा पूर्ण व्हायला बरीच वर्षे होती, त्यामुळे मालिकेच्या कथेने पुढे स्वतःची वाट धरली. ती मालिका करणाऱ्याच बोन्स स्टुडिओने 2009 पासून ‘ब्रदरहूड’ ही 64 भागांची मालिका मांगाला धरून केली. पहिली मालिका केवळ ‘मांगासारखी नाही’ म्हणून झिडकारणे मला अन्यायाचे वाटते, कारण कथेचे नायक असलेल्या दोघा भावांचा शोक आणि अपराधभाव यांना तिने दिलेला अवकाश ‘ब्रदरहूड’मध्ये तितका सापडत नाही. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ची गोष्ट निराळी आहे. तिचा मांगा 2020 मध्येच संपला होता, तरी 2021 च्या दुसऱ्या सीझनने ‘गोल्डी पाँड’चा सबंध कथाभाग गाळून शेवट अवघ्या काही भागांत उरकला. इथे आक्षेप घ्यावा आणि काय गाळल्यामुळे कोणत्या पात्राचा प्रवास तुटला, हे नेमके लिहावे.

दोष कोणाच्या माथी मारायचा, हेही तपासावे. ‘वन पंच मॅन’चा 2015 चा पहिला सीझन मॅडहाउस स्टुडिओने केला आणि 2019 चा दुसरा जे. सी. स्टाफ या दुसऱ्या स्टुडिओने, दिग्दर्शकही बदलला होता. बहुतेक मालिकांचा खर्च प्रकाशक, वाहिन्या, संगीत आणि खेळण्यांच्या कंपन्या यांची निर्मिती समिती उचलते आणि स्टुडिओ अनेकदा फक्त कंत्राटावर काम करतो. म्हणून चित्रण घसरलेले दिसले की ॲनिमेटरांना शिव्या घालणे सोडून द्यावे.

वर्णाच्या वादात सिनेमा आणि कॉस्प्ले यांची सरमिसळ करू नये. 2017 च्या ‘घोस्ट इन द शेल’ या हॉलिवूडपटात मूळच्या जपानी नायिकेसाठी गोऱ्या स्कार्लेट जोहान्सनची निवड झाली, तेव्हा 1995 च्या ॲनिमेपटाचे दिग्दर्शक मामोरू ओशी यांना त्यात वावगे वाटले नाही, आशियाई वंशाच्या अमेरिकी कलाकारांचा आक्षेप मात्र हॉलिवूडमध्ये त्यांना मिळणाऱ्या मोजक्या कामांविषयी होता. तो रोजगाराचा प्रश्न आहे. कृष्णवर्णीय मुलीने सेलर मून या ॲनिमे-नायिकेचा पोशाख घातल्याने कोणाचेही काम हिरावले जात नाही. ‘पात्र तर जपानी आहे’ असे तिला सुनावणाऱ्याला एवढेच विचारावे की, हाच आक्षेप त्याने गोऱ्या अमेरिकी कॉस्प्लेअरवर कधी घेतला आहे का. अशा टोमण्यांना उत्तर म्हणून 2015 पासून फेब्रुवारी महिन्यात कृष्णवर्णीय कॉस्प्लेअर आपली छायाचित्रे एका सामाईक हॅशटॅगखाली मांडत आले आहेत.

सावळ्या पात्रासाठी चेहरा काळा रंगवण्याचा मुद्दा वेगळा आहे आणि तो शांतपणे समजावून द्यावा. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट जळालेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ रंगवत असत. तो अपमान आजही ताजा आहे. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या पिकोलो या हिरव्या परग्रहवासीसाठी हिरवा रंग लावण्यास हरकत नाही, कारण हिरव्या कातडीचा कोणताही मानवी समाज त्या रंगामुळे छळला गेलेला नाही. माणसाच्या वर्णाची नक्कल न करता विग, शस्त्र, शिवण आणि उभे राहण्याची ढब यांतून पात्र ओळखू येतेच. आपल्याकडे सावळ्या कॉस्प्लेअरला ‘थोडा उजळ मेकअप केला असता तर’ असा सल्ला देणारे पुष्कळ असतात. तो सल्लाही याच कारणाने देऊ नये.

एखाद्याने अजाणता चेहरा रंगवला असेल, तर त्याला आधी खासगी संदेशातून इतिहास सांगावा आणि छायाचित्र बदलण्यास वेळ द्यावा. त्याच्या पोशाखाची शिवण चांगली असेल, तर त्याच संदेशात तेही लिहावे.