मांडी घालून बसताना पाठीला पोक येत असल्यास

घरी योगासने सुरू करणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच आठवड्यात हा अनुभव येतो की, सुखासनात बसले की गुडघे वर उचलले जातात, कंबर मागे ढळते आणि दोन मिनिटांत पाठ दुखू लागते.

यासाठी एखादी जाड सोलापुरी चादर घट्ट घडी घालून साधारण चार बोटे उंच करावी आणि तिच्या मध्यभागी न बसता पुढच्या कडेवर बसावे, म्हणजे कंबर किंचित पुढे झुकते, गुडघे आपोआप खाली येतात आणि पाठ ताणून धरावी लागत नाही. गुडघे तरीही कमरेपेक्षा वर राहत असतील, तर आणखी एक घडी वाढवावी. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी अशा साधनांचा वापर पद्धतशीरपणे शिकवला.

पश्चिमोत्तानासनातही, म्हणजे पाय समोर लांब करून पुढे वाकण्याच्या आसनातही, याच घडीवर बसावे, तळपायांभोवती पंचा अडकवून त्याची दोन्ही टोके धरावीत आणि गुडघे थोडे वाकलेले ठेवून, पाठ गोल न करता, जमेल तेवढेच पुढे यावे. पाच संथ श्वास पुरेत. डोके गुडघ्याला टेकवण्याचा हट्ट सोडावा.

उभ्याने करायच्या आसनांसाठी मात्र ही चादर वापरू नये, कारण ती गुळगुळीत फरशीवर सरकते. कमरेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी पुढे वाकण्याची आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.