मऊ आहे म्हणून फसू नका: जेल पॅक वापरताना या चुका टाळा

पाय मुरगळला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अक्कलदाढ काढली, की हल्ली घरोघरी फ्रीजरमधला निळा जेल पॅक बाहेर निघतो. वस्तू खरोखर कामाची आहे. गळत नाही, गुडघ्याला-खांद्याला नीट बसते, पुन्हा पुन्हा वापरता येते. पण एक गैरसमज फार पक्का बसलाय आणि बहुतेक चुका त्यातूनच होतात. तो म्हणजे, बर्फ कडक म्हणून जहाल आणि जेल पॅक मऊ म्हणून सौम्य.

खरं तर उलट आहे. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान ० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. फ्रीजर मात्र साधारण उणे १८ अंशांवर चालतो आणि रात्रभर आत राहिलेला पॅकही तेवढाच थंड होतो. त्यातल्या पाण्यात बहुधा प्रोपिलीन ग्लायकॉल आणि घट्टपणा आणणारा पदार्थ मिसळलेला असतो, म्हणून शून्याखाली जाऊनही तो वाकतो. हाताला मऊ लागला तरी तो बर्फापेक्षा थंड असू शकतो.

उघड्या कातडीवर ठेवणं

हिमदंशासाठी हिमालयातच जावं लागत नाही, घरच्या सोफ्यावरही तो होतो. पॅक आणि कातडी यांच्यामध्ये कोरडा नॅपकिन किंवा पंचा हवाच. ओल्या कपड्यातून थंडी जास्त वेगाने पोचते, त्यामुळे थेट फ्रीजरमधून काढलेल्या पॅकला कोरडाच कपडा बरा. एका वेळी १५ ते २० मिनिटं पुरेत. हाताचं बोट किंवा घोटा अशा मांस कमी असलेल्या जागी १० मिनिटंही चालतात. मधून मधून कपडा उचलून पाहा. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, ठणकतं आणि शेवटी बधिर होतं. बधिर झालं की थांबायचं. कातडी पांढुरकी, राखाडी किंवा मेणासारखी दिसली तर पॅक लगेच काढा आणि ती जागा चोळू नका. कोमट पाण्याने ऊब द्या. रंग परत आला नाही किंवा फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

पॅक बांधून झोपणं ही यातली सर्वांत वाईट सवय. दुखतंय म्हणून माणूस पॅक लावतो, आराम पडताच डोळा लागतो आणि पाहायला कोणी उरत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या वर, पायाची एक महत्त्वाची नस अगदी कातडीखालून जाते. तिथे घट्ट बांधलेला थंड पॅक बराच वेळ राहिला तर पाऊल वर उचलता न येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. कोपराच्या आतल्या बाजूच्या नसेचंही तसंच. त्यामुळे पट्टा सैल बांधा आणि घड्याळात अलार्म लावा.

मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झालीय, त्यांना थंडी बोचण्याची सूचनाच मिळत नाही. घरातल्या आजी-आजोबांना पॅक देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जाणं योग्य नाही. पायाला रक्तपुरवठा कमी असणारे किंवा थंडीत बोटं पांढरी पडणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंड शेक घेऊच नये.

कशाला थंड, कशाला गरम

ताजा मुका मार, लचक, सूज यांना पहिले एक-दोन दिवस थंड शेक. जुनी आखडलेली कंबर, मानेचे ताठरलेले स्नायू यांना बहुतेकांना गरम शेकानेच बरं वाटतं. थंडीने दुखणं दबतं, इजा बरी होत नाही, हे मात्र कायम लक्षात ठेवा. खेळाच्या दुखापतींसाठी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मिर्किन यांनी मांडलं. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं. म्हणून वेदना कमी करण्यापुरताच थंड शेक घ्या. पॅक लावून घोटा बधिर झाला म्हणून पुन्हा मैदानात उतरू नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर शेकत बसण्यापेक्षा एक्स-रे काढा.

भाजलं असेल तर जेल पॅक नको, बर्फही नको. नळाचं वाहतं, साधं गार पाणी २० मिनिटं. साप चावल्यावरही पॅक लावण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिनच्या पिशवीत

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक दिसतच नाही. गावाहून पुण्याला एसटीने निघताना इन्सुलिनच्या बाटलीला गोठलेला पॅक चिकटवून ठेवतात. इन्सुलिन गोठलं की ते वाया गेलं, वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नाही. पॅक फडक्यात गुंडाळा, बाटली वेगळ्या डब्यात ठेवा, दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. प्रवास छोटा असेल तर पॅक फ्रीजरऐवजी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गार केलेला असला तरी भागतं.

आपल्या आरोग्यसेविका हे काम किती नेमकेपणाने करतात पाहा. लस नेण्याच्या डब्यात पाण्याचे चार आइस पॅक असतात. फ्रीजरमधून काढल्यावर ते लगेच भरत नाहीत. बाहेर ठेवतात, हलवून पाहतात आणि आत पाणी हिंदकळल्याचा आवाज आला की मगच डब्यात घालतात. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी यांसारख्या लशी गोठल्या की बाद होतात. थोडं वितळू दिलेला पॅक शून्याच्या खाली राहत नाही. इतकी साधी युक्ती.

पॅकच बिघडला तर

लवकर गरम होत असेल तर बहुधा तो पुरेसा वेळ गोठलेला नसतो किंवा फ्रीजरमध्ये बर्फाचा थर साठलेला असतो. पॅक सपाट ठेवा, घडी घालून नको. जेलच्या गाठी झाल्या असतील तर बाहेर काढून थोड्या वेळाने हाताने मळा. गरम आणि थंड दोन्हींसाठी असल्याचं पाकिटावर छापलं असेल तरच गरम करा. अंगाला लावायचा पॅक आणि टिफिनच्या पिशवीतला पॅक वेगळे ठेवा.

चिकट लागू लागला म्हणजे कुठेतरी शिवण सुटलीय. सेलोटेप लावून चालवू नका. काही पॅकमध्ये विषारी इथिलीन ग्लायकॉल असू शकतं आणि ते गोडसर असल्याने लहान मूल किंवा कुत्रा चाटू शकतो. जेल सिंकमध्ये ओतलं तर पाणी शोषून फुगतं आणि पाइप तुंबतो. अख्खा पॅक दुसऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्या आणि हात साबणाने धुवा.