सूक्ष्मशैवालांद्वारे पाण्यातील कीडनाशके काढण्याची चाचणी कशी घ्यावी

शैवाल सोडलेल्या पाण्यातील कीडनाशकाचे प्रमाण घटले, एवढ्यावरून ते नष्ट झाले असे मानू नये. ते पेशीभित्तिकेला नुसते चिकटलेले असू शकते, पेशीच्या आत साठलेले असू शकते, एन्झाइमांनी त्याचे खरोखर विघटन केलेले असू शकते, किंवा शैवालाचा काहीही हात नसताना ते प्रकाशामुळे मोडलेले असू शकते. प्रयोगशाळेतील चाचणीची आखणी हा भेद कळेल अशीच करावी.

प्रथम पाण्यात कोणती कीडनाशके आहेत हे तपासून घ्यावे. अ‍ॅट्राझिन आणि डायुरॉन ही तणनाशके प्रकाशसंश्लेषणच रोखतात, त्यामुळे त्यांच्या तीव्र द्रावणात शैवालाची वाढ खुंटते. असे पाणी आधी पातळ करून शैवालाला टप्प्याटप्प्याने सरावू द्यावे. क्लोरेला आणि सिनेडेस्मस या प्रजाती चिवट आणि वाढवायला सोप्या आहेत. मात्र त्याच दूषित पाण्यात तग धरून असलेले शैवाल वेगळे काढता आले, तर माझ्या मते त्यालाच प्राधान्य द्यावे.

बीजी-११ या पोषक माध्यमात, साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानात आणि पुरेशा प्रकाशात शैवाल जोमाने वाढू द्यावे. दूषित पाणी गढूळ असल्यास गाळून घ्यावे, अन्यथा प्रकाश आत पोहोचत नाही.

चाचणीचा कस लागतो तो तुलनेच्या फ्लास्कांवर. जिवंत शैवालाच्या फ्लास्कसोबत उष्णतेने मारलेल्या शैवालाचा एक, शैवाल नसलेला पण प्रकाशात ठेवलेला एक आणि शैवाल नसलेला व अंधारात ठेवलेला एक असे फ्लास्क लावावेत, आणि प्रत्येक प्रकाराच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात. येथे एक बारकावा हमखास निसटतो. वाढणारे शैवाल पाण्यातील कार्बन डायऑक्साइड वापरते, त्यामुळे पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मान) चढतो, आणि मॅलॅथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीडनाशके अल्कधर्मी पाण्यात आपोआपच मोडू लागतात. म्हणून सामू रोज मोजावा आणि शैवाल नसलेल्या फ्लास्कांतही तो तेवढाच राखावा. तसे न केल्यास पाण्याच्या रसायनाचे श्रेय शैवालाच्या पदरात पडते.

नमुना काढल्यावर सेंट्रिफ्यूजने (वेगाने फिरवून घन व द्रव वेगळे करणाऱ्या यंत्राने) पेशी वेगळ्या कराव्यात आणि पाणी व पेशी या दोहोंतील कीडनाशक स्वतंत्रपणे मोजावे. पेशींमधील अंश सेंद्रिय द्रावकाने काढून घ्यावा लागतो. या दोन्ही आकड्यांची बेरीज मूळ मात्रेतून वजा केली, की खरोखर नाहीशी झालेली मात्रा कळते. तिच्यातून प्रकाशात ठेवलेल्या शैवालविरहित फ्लास्कमधील घट वगळल्यास शैवालाच्या वाट्याचा अंदाज बांधता येतो. विघटनातून तयार झालेले पदार्थही तपासावेत, कारण मॅलॅथिऑनपासून होणारे मॅलॅऑक्सॉन मूळ रसायनापेक्षा अधिक विषारी असते आणि एंडोसल्फानपासून होणारे एंडोसल्फान सल्फेट मूळ पदार्थाहून अधिक काळ टिकते. शक्य असल्यास डॅफ्नियासारख्या जलचरावर अखेरच्या पाण्याची विषारिता तपासावी. पिण्याच्या पाण्यात एका कीडनाशकासाठी युरोपीय संघाची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे टक्केवारीतील घट कितीही मोठी दिसली तरी शेष मात्रा स्वतंत्रपणे नोंदवावी.

शेवटी शैवाल पाण्यातून काढून टाकणे अनिवार्य आहे, कारण मेलेल्या पेशींतून चिकटलेले रसायन पुन्हा पाण्यात उतरते. क्लोरेलाच्या पेशी काही मायक्रोमीटर एवढ्याच असल्याने त्या सहज तळाशी बसत नाहीत. तुरटी किंवा कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा पदार्थ) मिसळून त्यांचे पुंजके होऊ द्यावेत आणि मग ते गाळावेत. हा गाळ पशुखाद्यात किंवा खतात मुळीच वापरू नये. तो घातक कचरा समजून अधिकृत दहनयंत्रणेकडे सोपवावा.