‘फक्त चौकशीला नेतोय’ म्हणून कार्यकर्त्याला उचललं तर

माणूस दारातून नेला जातो त्या क्षणाची वेळ लिहून ठेवा. रात्री ११.४०, कुठून नेलं, गाडीचा नंबर काय, गणवेशातले किती, साध्या वेशातले किती, कुणाच्या छातीवर नावाची पट्टी होती. वहीत लिहा आणि तेच लगेच दोघातिघांना व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे त्यावर वेळेचा शिक्का बसतो. कागदावर अटक बहुतेकदा दुसऱ्या दिवशी संध्याकाळची दाखवली जाते आणि मधले तास ‘चौकशी’त विरघळून जातात. मारहाण होते ती याच बिननोंदीच्या तासांत.

संविधानाचा अनुच्छेद २२(२) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ यांनुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. माणसाला स्वतःच्या मर्जीनं निघून जाता येईनासं झालं तेव्हापासून हे तास मोजायचे, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९९० साली अशक हुसेन प्रकरणात सांगितलेलं आहे. डायरीत अटक कधी लिहिली याला इथे महत्त्व नाही.

ठाण्यात विचारायचं काय

ठाणे अंमलदाराला विचारा: कोणत्या कलमाखाली ठेवलंय? पुढचा रस्ता उत्तरावर ठरतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ६८-६९ सांगितलं तर आंदोलनाच्या जागेवरून हलवलेलं असतं. साधारण कार्यक्रम उरकला की सोडतात. संहितेचं कलम १७० सांगितलं तर दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठीची अटक आहे, तिची कमाल मर्यादा २४ तास. कलम १२६ किंवा १२९ म्हणजे चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचं किंवा चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई. इथे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी कलम १३० खाली आधी लेखी आदेश काढायला हवा: माहिती काय मिळाली, बंधपत्र किती रकमेचं, मुदत किती. जामीनदार वेळेवर मिळत नाही म्हणून लोक तुरुंगात जातात. म्हणून दोन जामीनदार आधीच ठरवून ठेवा आणि त्यांचं आधार, राहण्याचा पुरावा, सातबारा किंवा पगारपत्रक आणि फोटो एका पिशवीत तयार ठेवा.

मोर्चाआधी येणारी कलम १६८ची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४९) नोटीस हा निव्वळ इशारा असतो. ‘मिळाली’ असं लिहून तारीख-वेळेसह सही करा, प्रत ठेवा. त्या नोटिशीवर कुणाला कोठडीत ठेवता येत नाही.

‘कलम काही नाही, नुसतं बोलावलंय’ असं उत्तर आलं तर अडवून ठेवायचा अधिकारच उरत नाही. त्याच टेबलावर अर्ज लिहा, दोन प्रतींत:

‘श्री. ... यांना दि. ... रोजी रात्री ११.४० वाजता ... येथून आपल्या ठाण्यात आणले आहे. त्यांना कोणत्या कलमाखाली ठेवले आहे ते लेखी कळवावे. अटक असल्यास अटकेची कारणे लेखी द्यावीत. वकिलांना भेटू द्यावे. सोबतची औषधे द्यावीत. अटक नसल्यास तत्काळ जाऊ द्यावे.’

एका प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का द्यायला नकार मिळणं नेहमीचंच. मग बाहेर येऊन तोच अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना ईमेल करा, जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा, सकाळी स्पीड पोस्ट करा. हुज्जत घालू नका. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लावायला तेवढं पुरतं.

अटक झालीच असेल तर संहितेच्या कलम ३६ नुसार अटकेच्या कागदावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या एका तरी प्रतिष्ठित साक्षीदाराची सही हवी. कलम ३८ नुसार चौकशीदरम्यान वकिलांना भेटता येतं, पूर्ण वेळ सोबत बसवणं मात्र मिळत नाही. कलम ४८ नुसार कुणाला कळवायचं ते नाव अटक झालेला माणूस स्वतः देतो. एकट्या राहणाऱ्या कार्यकर्त्यानं हे नाव आणि नंबर आधीच पाठ करून ठेवावा, कारण फोन सगळ्यात आधी काढून घेतला जातो. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

कोऱ्या कागदावर सही नको. पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ तेच सांगतं.

शरीरावरचा पुरावा

कलम ५३ नुसार अटकेनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि अहवालाची प्रत मागता येते. १९९६च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी हवी. प्रत्यक्षात पोलीस शेजारी उभे असतात, डॉक्टर लांबूनच ‘काही त्रास?’ विचारतात आणि ‘जखम नाही’ लिहून मोकळे होतात. पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगा, अशी विनंती डॉक्टरांना करायची. तळपायांवर पट्ट्यानं मारलं तर वळ फारसे दिसत नाहीत, पण पाऊल टेकवत नाही. कानशिलात बसली तर पडदा फाटून कमी ऐकू येतं किंवा सतत घुमतं. म्हणून दिसत नाही तेही तोंडानं सांगायचं: कुठे, कशानं, किती वाजता.

दुसरी संधी न्यायालयात. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ असा प्रश्न येतो आणि घाबरलेला माणूस ‘नाही’ म्हणून जातो. पुढे सुनावणीत तो एक शब्द त्याच्याच विरोधात वाचला जातो. वकिलांनी हजेरीआधी पाच मिनिटं तरी भेटायला हवं, आणि तक्रार व जखमा रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) उतरल्या का ते तिथेच बघायला हवं. अटकेची कारणं कळेल अशा भाषेत आणि लेखी, हजेरीच्या निदान दोन तास आधी मिळायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह प्रकरणात सांगितलं. मिळाली नसतील तर रिमांडला विरोध करताना हाच मुद्दा पहिला.

मधुमेह, रक्तदाब, दमा असेल तर औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या. सुट्या गोळ्या परत येतात.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीसाठी त्याच आठवड्यात अर्ज करा, तासांचा नेमका उल्लेख करून. २०२०च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार चित्रण १८ महिने, कोणत्याही परिस्थितीत वर्षाहून कमी नाही, इतकं जपायचं असतं. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं तर ते लेखी घ्या.

रासुका आणि लांबलेली कोठडी

राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात (रासुका) खटल्याविना स्थानबद्ध ठेवतात; त्यात २४ तासांचा नियम लागत नाही, तिथे वेगळ्या तारखा मोजायच्या. स्थानबद्धतेची कारणं साधारण ५ दिवसांत कळवायची. जिल्हाधिकारी किंवा आयुक्तांच्या आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी. ३ आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे, मंडळाचा अहवाल ७ आठवड्यांत. कमाल १२ महिने. मंडळापुढे वकील उभा राहत नाही, पण वकील नसलेला मित्र मदतीला मागता येतो. १९६२च्या हरिकिसन प्रकरणात हिंदीच जाणणाऱ्या माणसाला कारणं इंग्रजीत दिली, म्हणून स्थानबद्धता रद्द झाली. तेव्हा प्रत्येक पान कोणत्या भाषेत आहे ते तपासा.

यूएपीएत (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात) आरोपपत्राची मुदत ९० दिवसांवरून १८० पर्यंत वाढवता येते, पण सक्षम न्यायालयानंच वाढवलेली हवी. १ डिसेंबर २०२१ रोजी एल्गार परिषद प्रकरणातल्या वकील-कार्यकर्त्या सुधा भारद्वाज यांना मुंबई उच्च न्यायालयानं डिफॉल्ट जामीन (मुदतीत आरोपपत्र न आल्यामुळे मिळणारा) दिला तो याच मुद्द्यावर. त्याच निकालात इतर आठ जणांना तो नाकारला गेला, कारण त्यांनी वेळेत अर्ज केला नव्हता. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज न्यायालयात पडलाच पाहिजे.

२४ तास उलटले आणि हजर केलं नाही तर

संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे ‘माणसाला न्यायालयासमोर हजर करा’ अशी याचिका. नातेवाईक किंवा मित्रही दाखल करू शकतो. शिक्क्याची प्रत, ईमेल आणि त्या पहिल्या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडा. याचिका दाखल होताच बहुधा घाईनं अटक दाखवून हजर केलं जातं आणि ‘आता याचिकेत काही उरलं नाही’ असं सांगतात. म्हणून सुटकेसोबत बेकायदा तासांची चौकशी आणि नुकसानभरपाईही सुरुवातीलाच मागा. १९८३च्या रुदुल साह प्रकरणापासून न्यायालयं ती देत आली आहेत.

सुटल्यावर घरी जाण्याआधी सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा काढा, कारण वळ तेव्हा जास्त गडद उमटतात.