घटातलं धन पाहा, मग गव्हाचं पोतं उघडा

आमच्या इंदूरच्या घरी घट बसले की आजी रोज सकाळी वाकून माती बघायची. तिसऱ्या दिवशी पांढरी टोकं वर आली की म्हणायची, "बियाणं जिवंत आहे." माळव्यात गव्हाची पेरणी दसऱ्यानंतरच, म्हणून ही परीक्षा अगदी वेळेवर होते.

ती नेमकी करायची तर 100 दाणे मोजून घ्या. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून, नाहीतर निकाल फसवा येतो. ओल्या सुती फडक्यावर दहा-दहाच्या ओळी मांडा, सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. फडकं दमट हवं, निथळतं नको; पाणी जास्त झालं की दाणे कुजतात आणि दोष उगाच बियाण्याला लागतो. आठव्या दिवशी मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तोच दाणा धरायचा.

प्रमाणित गव्हाला किमान 85 टक्के उगवण लागते. 70 भरली तर हेक्टरी 100 किलोऐवजी साधारण 120 किलो पेरा. त्याहून फारच कमी असेल तर ते बियाणं पेरू नका.