कन्सील्ड फ्लश टँक बिघडलाय? टाइल्स फोडायच्या आधी हे वाचा, या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आमच्या आतल्या बाथरूममधून रात्री झुळझुळ आवाज यायला लागला. सासूबाई दोनदा उठून बेसिनचा नळ बघून आल्या, नळ बंदच होता. टॉर्च मारून बघितलं तर कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार भांड्यात उतरत होती, न थांबता. टँक भिंतीत, वर टाइल्स, समोर फक्त दोन बटणांची प्लेट. प्लंबर आला, भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "ताई, चार टाइल्स फोडाव्या लागतील, आणि ही शेड आता मिळणार नाही." मी त्याला चहा देऊन परत पाठवलं.

तर पहिली चूक हीच, टाइल्स फोडणे. ती बटणांची प्लेट म्हणजे नुसती शोभा नाही, तीच टँकची खिडकी आहे. गेबरिट या स्विस कंपनीने १९६४ मध्ये भिंतीतला टँक काढला तेव्हापासून ही पद्धत चालत आलीय, आतला फ्लोट वॉल्व (टँक भरला की पाणी थांबवणारा), फ्लश वॉल्व (बटण दाबलं की पाणी भांड्यात सोडणारा), वॉशर सगळं त्या वीतभर खिडकीतून बाहेर येतं. भिंत फोडायची वेळ क्वचित येते, म्हणजे टँकलाच तडा गेला असेल किंवा भिंतीतला पाइप गळत असेल तर. आणि भांड्यामागच्या जॉइंटमधून पाणी येत असेल तरी आधी भांडं काढून बघायचं, छिन्नी हातोडा नंतर.

दुसरी चूक, नेमकं काय बिघडलंय हे न बघताच पार्ट आणणे. भांड्यात पाणी झिरपायची कारणं मुख्यतः दोनच. एक म्हणजे फ्लोट वॉल्व (आपला साधा बॉल कॉक समजा) बंदच होत नाही, टँक भरतच राहतो आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली जातं. दुसरं म्हणजे फ्लश वॉल्वखालचा रबरी वॉशर नीट बसत नाही. ओळखायचं कसं? प्लेट काढा, टँकमध्ये येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा आणि बघत बसा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढलेलं असेल आणि कॉक बंद केल्यावर धार लगेच थांबली तर दोष फ्लोटचा. धार चालूच राहिली आणि पातळी हळूहळू खाली गेली तर वॉशर. आमच्याकडे वॉशर निघाला. नवऱ्याने तोपर्यंत अख्खा फ्लोट वॉल्व ऑनलाइन मागवून ठेवला होता, तो अजून माळ्यावर पडलाय.

आता प्लेट. इथे लोक सरळ स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटतात आणि क्लिप तोडतात. आधी प्लेटची खालची कड बघा, कुठे बारीक स्क्रू असतो, तो सोडला की प्लेट निघते. स्क्रू नसेल तर दोन्ही तळहातांनी प्लेट थोडी वर दाबायची किंवा बाजूला सरकवायची, मॉडेलप्रमाणे. कडेने ग्राउट किंवा सिलिकॉन भरून ठेवलं असेल (आमच्याकडे मिस्त्रीने सफाईदार दिसावं म्हणून भरलं होतं, धन्य!) तर कटरच्या पात्याने आधी ते कापा, नाहीतर प्लेटबरोबर टाइलचा टवका निघेल.

प्लेटमागे फ्रेम असते, दोन लांब स्क्रूंवर. त्यामागे प्लास्टिकचं झाकण आणि बटणाचा दाब आत नेणाऱ्या दोन काड्या. हे काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक टप्प्याला एक. मी नाही काढला, मला वाटलं दोनच काड्या आहेत त्यात काय लक्षात ठेवायचं, आणि जोडताना अदलाबदल झाली. मग दोन दिवस छोटं बटण दाबलं की पूर्ण टँक रिकामा आणि मोठं दाबलं की जेमतेम अर्धा.

कॉक बहुतेक टँकमध्येच एका कोपऱ्यात असतो, काहींना बाहेर. तो बंद न करता फ्लोटची नळी सोडलीत तर पाण्याचा फवारा थेट तोंडावर येतो, हे अनुभवाचे बोल. जुना कॉक जाम असेल तर त्याला पान्याने हाणू नका, तुटला तर खरंच पंचाईत. सोसायटीचा किंवा फ्लॅटचा मेन वॉल्व बंद करा आणि मग काम करा. नंतर एकदा फ्लश करून टँक रिकामा करायचा. आणि त्या खिडकीच्या आत, खाली जुना टॉवेल धरा, कारण स्क्रू हमखास हातातून सुटतो आणि टँकच्या तळाशी जातो. आमचा गेला होता. पाण्यात चाचपून काढायला अर्धा तास लागला.

फ्लश वॉल्व काढताना ताकद लावू नका. आधी वरची दांड्यांची पट्टी (काड्यांचा दाब वॉल्ववर नेणारी), मग फ्लोट, मग वॉल्व, या क्रमानेच जागा होते. तो क्लिपवर असतो किंवा थोडा फिरवून सुटतो. सरळ बाहेर येणार नाही, तिरका करून काढायचा, काहींची ओव्हरफ्लोची नळी वेगळी निघते. आमचा वॉशर हातात घेतला तर कडेला पांढरा खरखरीत थर, नखाने खरवडला तर चुन्यासारखा. अर्धं वर्ष टँकरचं, अर्धं बोअरचं पाणी, दुसरं काय होणार. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून रात्रभर भिजवला तर स्वच्छ झाला, पण एका जागी खाच पडली होती म्हणून नवीनच टाकला. वॉशर ज्या कडेवर बसतो ती टँकमधली कडही पुसा, तिच्यावर क्षार राहिला तर नवा वॉशरसुद्धा गळतो, आणि हे नव्वद टक्के लोक विसरतात असं मला वाटतं. संडास धुवायचं अॅसिड आत ओतू नका, निळ्या गोळ्याही टाकू नका, रबर खराब होतं. जुळवताना व्हॅसलीन लावतात काहीजण, त्याने रबर फुगू शकतं. सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर नुसतं पाणी.

टँक हळू भरतोय अशी तक्रार असेल तर मात्र एवढा खटाटोप नको, फ्लोटच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात रेती अडकते, धुतली की झालं.

परत जोडताना शेवटची चूक काड्यांच्या लांबीची. काड्या फिरवून कमीजास्त होतात. लांब राहिल्या तर प्लेट लावल्यावर बटण कायम किंचित दाबलेलं राहतं, वॉल्व पूर्ण बसत नाही आणि परत तीच झुळझुळ, मग माणूस म्हणतो वॉशर खराब निघाला. काडी आणि बटणामध्ये किंचित फट हवी. प्लेट लावायच्या आधी कॉक उघडून, टँक भरू देऊन, आठ दहा वेळा फ्लश करून बघा. भांड्याच्या आत मागच्या बाजूला कोरडा टिश्यू लावून अर्धा तास ठेवा, ओला झाला नाही तरच प्लेट बसवा.

आम्ही प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि वॉशरचा मॉडेल नंबर लिहून ठेवलाय. सासूबाईंनी त्याखाली स्वतः लिहिलं, "फोटो काढा."